औषध उंबऱ्यापर्यंत पोचायला हवं

दसरा झाला की गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर भागातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. कर्ती माणसं कोयता घेऊन गेली की गावात उरतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या हवाली केलेली नातवंडं. परभणी जिल्ह्यातल्या वृद्धांच्या आरोग्याचा विचार या रिकाम्या घरांपासून सुरू व्हायला हवा. २०१७-१८च्या ‘लासी’ या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या बऱ्याच जणांना एखादा तरी दीर्घ आजार आढळला. असे आजार एका खेपेत बरे होत नाहीत, त्यांना रोजची गोळी लागते. बीपीच्या गोळ्यांचं पाकीट संपतं, पण चक्कर येत नाही, म्हणून दवाखाना पुढच्या बाजाराच्या दिवसावर ढकलला जातो. तोही दिवस तसाच जातो आणि एखाद्या सकाळी अर्धं अंग लुळं पडतं. मग परभणी गाठा, नाहीतर नांदेड.

यावर कुणी म्हणेल, सरकारनं काय कमी केलंय? परभणीत २०२३मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. ऑक्टोबर २०२४पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारतचं पाच लाखांचं संरक्षण आहे. पंच्याहत्तरीनंतर एसटीचा प्रवास फुकट आहे. हे सगळं मोलाचंच आहे. पण आयुष्मानचं कार्ड कामी येतं दवाखान्यात भरती झाल्यावर. रोजच्या गोळीचा खर्च त्यात बसत नाही. आणि गुडघे धरलेल्या म्हातारीला फुकटच्या एसटीपर्यंत तरी कोण नेणार? प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस वृद्धांसाठी ठेवायचा, हे वृद्धांच्या आरोग्यासाठीच्या २०१०-११च्या राष्ट्रीय कार्यक्रमातच ठरलेलं आहे. तो दिवसही चालत येऊ शकणाऱ्यांच्याच उपयोगाचा.

घरी जाऊन उपचार करण्याची वाट महाराष्ट्रानेच दाखवली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघर नवजात बाळांची काळजी घेतली. बालमृत्यू निम्म्याहून अधिक घटले, आणि २०११मध्ये आशाताईंच्या ठरावीक घरभेटी देशभर सुरू झाल्या. बाळासाठी जे जमलं, ते आजीसाठी का जमू नये? बीपी मोजायचा, साखर तपासायची, महिन्याच्या गोळ्या हातात द्यायच्या, पायाची जखम बघायची, एवढंच तर काम आहे. आशाताईंवर आधीच कामांचा डोंगर आहे, हा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणून हे काम फुकटात त्यांच्या माथी मारू नये. प्रत्येक भेटीचा वेगळा मोबदला द्यावा, औषधांचा साठा उपकेंद्रात ठेवावा. म्हाताऱ्यांचं मुलांनी बघावं, असंही म्हटलं जातं. पण पोटासाठी सहा महिने फडात राहणाऱ्या मुलाला हे ऐकवणं अन्याय आहे.

ग्रामपंचायतींना एवढीच विनंती: यंदा टोळ्या निघण्याआधी साठीपुढच्यांची यादी करा, आणि ज्यांच्या घरी गोळ्या आणून देणारं कुणी राहणार नाही, त्यांची नावं सगळ्यांत वर लिहा.