माजलगावची वानरं खरंच कुत्र्यांवर सूड उगवत होती का?

डिसेंबर २०२१. बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातलं लवूळ हे गाव अचानक जगभरच्या बातम्यांमध्ये झळकलं. कारण काय, तर गावात आलेली वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडावर, घरांच्या छतावर नेत होती. तिथून पडून किंवा उपाशी राहून पिल्लं मरत होती. कुत्र्यांनी वानराचं एक पिल्लू मारलं आणि त्याचा बदला म्हणून हे सगळं सुरू झालं, अशी चर्चा होती. मग काय, 'गँगवॉर', 'सूड', 'बदला' असे मथळे आले, मीम्स आली. मेलेल्या पिल्लांचा आकडा बातमीगणिक बदलत होता. कुठे पन्नास, कुठे ऐंशी, तर कुठे थेट अडीचशे. शेवटी वन विभागाने दोन वानरं पकडून नेली आणि विषय संपला.

पण मूळ प्रश्न तसाच राहिला. वानर खरंच सूड घेतं का? आणि सूड नसेल, तर त्याने पिल्लं उचलली कशासाठी?

आधी एक गोंधळ मिटवू

इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द आहे, मराठीत मात्र आपल्याकडे दोन आहेत आणि ते दोन वेगळ्या प्राण्यांचे आहेत. काळ्या तोंडाचं, राखाडी अंगाचं, लांबलचक शेपटीचं ते वानर. कोकणात त्यालाच वांदर म्हणतात. लालसर तोंडाचं, आकाराने लहान, ते माकड. लंका जाळताना तोंड काळं झालं ही गोष्ट आजीने सांगितलेली असते, ती वानराची. लवूळमध्ये होती ती वानरं.

हा फरक फक्त तोंडाच्या रंगाचा नाही. माकडाच्या गालात पिशव्या असतात. तुमच्या हातातले शेंगदाणे हिसकावून ते आधी गालात कोंबतं आणि लांब जाऊन निवांत खातं. वानराला अशा पिशव्या नसतात. त्याऐवजी त्याचं पोट गाईम्हशींसारखं कप्प्याकप्प्यांचं असतं. त्यात राहणारे जिवाणू पाला आंबवतात, म्हणून इतर प्राण्यांना न पचणारी जून पानंही वानराला पचतात. सहलीला गेल्यावर आपण त्याला जी बिस्किटं देतो, ती या पोटासाठी बनलेलीच नाहीत.

महाराष्ट्रातलं माकडही एकाच जातीचं नाही. दक्षिणेकडचं, डोक्यावर केसांची टोपी घातल्यासारखं दिसणारं टोपीवालं माकड फक्त भारतातच सापडतं. उत्तरेकडचं रीसस माकड हळूहळू दक्षिणेकडे सरकत आहे आणि जिथे ते पोहोचतं तिथून टोपीवालं मागे हटतंय, असं अभ्यासकांना आढळलं आहे.

दुसऱ्याचं पोर सांभाळायची हौस

वानराचं नवजात पिल्लू काळपट असतं. मोठी वानरं राखाडी, त्यामुळे कळपात ते लगेच उठून दिसतं. आणि ते जन्मलं की कळपातल्या बाकीच्या माद्या अक्षरशः रांग लावतात. पहिल्याच दिवशी पिल्लू या हातातून त्या हातात फिरतं. आई तेवढ्या वेळात पोटभर खाऊन घेते. बहुतेक माकडांमध्ये हे चालत नाही, तिथे आई बाळ कुणाच्या हाती देत नाही. वानरांमध्ये मात्र हे रोजचं आहे. तरुण, अजून आई न झालेल्या माद्या यात सर्वांत पुढे. त्यांना धड जमत नाही, पिल्लू उलटं धरतात, ओढतात, कंटाळा आला की फांदीवर सोडून देतात. पिल्लू किंचाळलं की आई किंवा दुसरी कुणीतरी येऊन घेऊन जाते.

आता हेच कुत्र्याच्या पिल्लाच्या बाबतीत कल्पून बघा. ते फांदीला धरू शकत नाही. ते किंचाळलं तर त्याची आई झाडावर चढू शकत नाही. उचलणाऱ्याला त्याला पाजता येत नाही. मारायचा काहीही हेतू नसला तरी पिल्लाचा शेवट ठरलेला.

लवूळमध्ये नेमकं हेच घडलं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तिथे महिनोन्‌महिने बसून निरीक्षण करणारं कुणी नव्हतं. पण अशीच एक घटना पुढे कॅमेऱ्यात पकडली गेली, आणि ती फार बोलकी आहे.

पनामाच्या किनाऱ्याजवळ हिकारोन नावाचं बेट आहे. तिथली कॅपुचिन माकडं दगडाने कठीण फळं, शिंपले फोडतात. ते पाहण्यासाठी शास्त्रज्ञांनी जंगलात कॅमेरे लावले होते. २०२२ च्या जानेवारीतल्या चित्रणात त्यांना दिसलं की एका तरुण नराच्या पाठीवर भलतंच पिल्लू आहे. ते हाउलर नावाच्या दुसऱ्याच जातीच्या माकडाचं होतं. संशोधकांनी या नराचं नाव ठेवलं जोकर. काही महिन्यांत आणखी चार तरुण नर तेच करू लागले. किमान ११ पिल्लं पळवली गेली. त्यांना कुणी मारत नव्हतं, खात नव्हतं, धड खेळतही नव्हतं. नुसतं पाठीवर घेऊन फिरायचं. दूध न मिळाल्याने पिल्लं मरत होती आणि काही वेळा मेल्यावरही ते त्यांना घेऊन फिरत होते. हे संशोधन २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. संशोधकांचा अंदाज असा की एकाने सुरू केलं आणि बाकीच्यांनी उचललं. म्हणजे आपल्या भाषेत फॅड! बेटावर शत्रू नाहीत, खायला मुबलक आहे, तरुण पोरांच्या हाताला काम नाही. पुढचं तुम्ही समजून घ्या.

मग सूड नावाची गोष्ट नसतेच का?

असते, पण सिनेमातल्यासारखी नाही. इटलीतल्या संशोधकांनी जपानी मकाक माकडांच्या एका बंदिस्त कळपाचा अभ्यास केला, तो १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. एखाद्या माकडाने मार खाल्ला की ते मारणाऱ्यावर उलट हल्ला करत नाही, कारण तो त्याच्यापेक्षा वरचढ असतो. ते थोड्याच वेळात मारणाऱ्याच्या एखाद्या दुबळ्या नातेवाइकाला गाठतं. भावकीतल्या भांडणासारखंच. म्हणजे कोण कुणाचा, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

पण हे आपल्याच कळपात आणि भांडण ताजं असताना. गावातल्या सगळ्या कुत्र्यांच्या पिल्लांना महिनाभर वेचून वेचून संपवायचं, असा कट रचणारं वानर अजून कुणा अभ्यासकाला भेटलेलं नाही.

अबूच्या डोंगरावरचं अवघड सत्य

वानरं हेतुपुरस्सर पिल्लं मारतात का? हो, मारतात. फक्त कुत्र्यांची नाही, वानरांचीच. आणि हे जगाला कळलं ते आपल्या देशातल्या वानरांमुळे.

१९६० च्या दशकात युकिमारू सुगियामा हे जपानी संशोधक धारवाडजवळ वानरांचा अभ्यास करत होते. त्यांनी पाहिलं की बाहेरून आलेल्या नरांनी कळपातल्या हुप्प्याला हाकललं, त्यांच्यातला एक नवा हुप्प्या झाला आणि थोड्याच दिवसांत कळपातली तान्ही पिल्लं एकामागून एक मारली गेली. तेव्हा अनेकांना हा अपवाद वाटला. वानरं शांत असतात, असं आधीचे अभ्यास सांगत होते. माणसांच्या वस्तीजवळ गर्दी झाली, म्हणून डोकं फिरलं असेल, असं स्पष्टीकरण दिलं गेलं.

हेच तपासायला सारा हर्डी ही हार्वर्डची विद्यार्थिनी १९७१ मध्ये राजस्थानात माउंट अबूला आली. काही वर्षं तिने तिथले कळप पाहिले आणि गर्दीचं स्पष्टीकरण तिला पटेनासं झालं. पिल्लं मरत होती ती गर्दी वाढल्यावर नाही, तर हुप्प्या बदलल्यावर.

हिशेब क्रूर आहे, पण सरळ आहे. वानरांच्या अनेक कळपांत एकच मोठा नर आणि बऱ्याच माद्या असतात. बाकीचे नर वेगळ्या टोळ्या करून फिरतात आणि संधीची वाट बघतात. हुप्प्याची गादी साधारण दोन-अडीच वर्षं टिकते. पिल्लू दूध पीत असेपर्यंत मादी सहसा पुन्हा माजावर येत नाही. नव्या नराने थांबायचं ठरवलं तर स्वतःची पिल्लं होण्याआधीच त्याची गादी जायची. आधीच्या नराचं तान्हं पिल्लू मेलं, तर मादी लवकर माजावर येते. हा नर बसून हिशेब करत नाही, हे वेगळं सांगायला नको. पण असं वागणाऱ्या नरांची पिल्लं जास्त जगली आणि ते वागणं पुढच्या पिढ्यांत उतरलं, असा हर्डीचा युक्तिवाद होता. १९७७ मध्ये तिचं पुस्तक आलं तेव्हा बऱ्याच जणांना तो मान्य नव्हता. पुढे नेपाळच्या रामनगरमधल्या वानरांची डीएनए तपासणी झाली. पिल्लांवर हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते, हे १९९९ मध्ये समोर आलं.

मला यात सगळ्यात भिडतं ते माद्यांचं वागणं. त्या गप्प बसत नाहीत. अबूला सोल नावाची एक म्हातारी मादी होती. एरवी कळपाच्या कडेला राहणारी, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारी. पण नर पिल्लावर धावून आला की त्याच्या अंगावर जाणाऱ्यांत ती पुढे असायची. दुसऱ्या काही माद्या गरोदर असतानाही नव्या नराशी जुगतात. मग जन्मलेलं पिल्लू आपलं की आधीच्याचं, हे नराला कळायला मार्ग नाही, आणि पिल्लू वाचण्याची शक्यता वाढते.

हुप्प्या पकडला की काय होतं?

आता गावातल्या प्रश्नाकडे येऊ. वानरांचा त्रास खोटा नाही. कोकणात नारळ, आंबा, काजू, परसातली केळी, काहीही हाती लागत नाही म्हणून शेती सोडून दिलेली माणसं भेटतात. 'त्यांना समजून घ्या' हे शहरात बसून सांगणं सोपं आहे. त्यामुळे मागणी एकच येते, पकडा आणि लांब सोडा.

पकडायला गेल्यावर नजरेत भरतो तो सर्वांत मोठा, सर्वांत धीट नर. पण वर सांगितलेलं आठवा. हुप्प्या गेला की कळपाची गादी रिकामी होते, आसपासची नरांची टोळी आत येते, हाणामाऱ्या होतात, पिल्लं मरतात. आणि कळप तिथेच राहतो, कारण खाणं तिथेच आहे. दुसरीकडे सोडलेली वानरं नव्या गावात तोच त्रास देतात. हिमाचल प्रदेशाने दुसरा रस्ता धरला. तिथे लाखाहून जास्त रीसस माकडांची नसबंदी झाली. त्याने जन्म कमी होतात, पण नसबंदी झालेलं माकडही मक्याच्या शेतात येतंच.

त्यांना हे शिकवलं कुणी?

बरंचसं आपणच. कर्नाटकात बंदीपूरच्या रस्त्यावर टोपीवाली माकडं पर्यटकांकडून खाणं कसं मागतात, याचा अभ्यास अनिंद्य सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. माकड माणसाकडे बघत एक हलका 'कू' आवाज काढतं आणि हात पुढे करतं. माणूस बघत नसेल तर मागण्यात अर्थ नाही, हेही त्याला कळतं. थोडक्यात, ही माणसाशी बोलायची नवी पद्धत आहे.

बालीच्या उलुवातू मंदिरातली माकडं याच्या पुढे गेली आहेत. ती पर्यटकांचे चष्मे, चपला, फोन पळवतात आणि खाऊ दिल्यावरच परत करतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की वयाने मोठी माकडं माणसाला जास्त मोलाची वाटणारी वस्तू निवडून पळवतात आणि तिच्या बदल्यात चांगला खाऊ मिळेपर्यंत अडून बसतात. पोरांना हे जमत नाही, ती मिळेल ते घेतात.

समोर आलं तर

माकड दात विचकतं तेव्हा ते हसत नसतं. ओठ मागे ओढून, आवाज न करता दात दाखवणं म्हणजे बहुतेकदा भीती किंवा शरणागती. तोंड उघडं ठेवून, रोखून बघणं म्हणजे धमकी. आपण नेमकं उलट करतो. रोखून बघतो आणि हसत हसत सेल्फी काढतो.

त्यामुळे डोळ्याला डोळा देऊ नका, पाठ फिरवून पळू नका, हळूहळू बाजूला व्हा. हातात खाणं असेल आणि ते झडप घालत असेल तर सोडून द्या. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी दवाखान्यात जा. जखम लहान आहे म्हणून थांबू नका.

आणि सिंधुदुर्ग, गोवा या पट्ट्यात राहत असाल तर आणखी एक. रानात किंवा काजूच्या बागेत मेलेलं माकड वा वानर दिसलं, तर जवळ जाऊ नका. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेलेला माकडताप गोचिडीमुळे होतो. २०१६ मध्ये तो दोडामार्ग तालुक्यात पोहोचला. माकडांनाही तोच विषाणू मारतो. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिड्या आजूबाजूला पसरतात, म्हणून त्याला हात न लावता, पाला गोळा करायला त्या बाजूला न जाता, आधी प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि वन विभागाला फोन करायचा.