पाथरीहून परदेशी : व्यवस्थापन शिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांचा शोध

परभणी जिल्ह्यातील पाथरी हा गोदावरीकाठचा तालुका. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी या भागात खेळू लागल्यापासून कापसाच्या जोडीला ऊस आला, पुढे सोयाबीन आले. पिकांबरोबर जिनिंगचे कारखाने, साखर कारखाने, आडत, गोदामे आणि अलीकडच्या काळात शेतकरी उत्पादक कंपन्या असा व्यवहाराचा विस्तारही झाला. या सर्व व्यवहारांना हिशेब, साठवण, बाजारपेठ व भांडवल यांचे शास्त्र जाणणारी माणसे हवी असतात. ते शास्त्र उच्च पातळीवर शिकण्याची आकांक्षा तालुक्यातील एखाद्या वाणिज्य किंवा कृषी पदवीधराच्या मनात निर्माण झाली, तर त्यात नवल नाही. प्रश्न उभा राहतो तो पैशाचा. अमेरिकेतील नामवंत विद्यापीठात व्यवस्थापनाच्या दोन वर्षांच्या पदवीचा एकूण खर्च दोन लाख डॉलरच्या पुढे जातो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी या रकमेचा उच्चारही होत नाही.

अशा वेळी शिष्यवृत्तीचा विचार पुढे येतो. परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या पुष्कळ आहेत, अशी एक सर्वसाधारण समजूत आढळते. ती खोटी नाही. परंतु व्यवसाय व व्यवस्थापन या विषयांपुरती ती अपुरी आहे. ज्या शिष्यवृत्त्यांची नावे सर्वत्र घेतली जातात, त्यांतील काहींनी नेमका हाच विषय वगळलेला आहे. शोधाचा प्रारंभ म्हणूनच नियमावलीतील वगळलेल्या विषयांच्या यादीपासून व्हावयास हवा.

जुनी परंपरा

विद्यार्थ्याला सार्वजनिक द्रव्याने परदेशी पाठविण्याची कल्पना मराठी मुलखाला नवी नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. तिच्या मोबदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. बाबासाहेबांनी तेथे अर्थशास्त्राचे अध्ययन केले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून त्यांना १९१७ मध्ये परतावे लागले. ते पुरे करण्यासाठी १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, तेव्हा स्वतःची बचत, नवल भथेना या मित्राचे कर्ज आणि छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य अशी तिहेरी जुळवाजुळव करावी लागली. एकाच दात्याकडून सर्व खर्च भागत नाही, हा अनुभव आजच्या विद्यार्थ्यालाही बहुधा येतोच.

पाथरी त्या काळी हैदराबाद संस्थानात होती. सरोजिनी नायडू १८९५ मध्ये इंग्लंडला शिकावयास गेल्या त्या निजामाच्याच शिष्यवृत्तीवर. परंतु संस्थानच्या राजधानीत मिळणारी संधी गोदाकाठच्या खेड्यापर्यंत पोहोचत नसे. आज कायद्याने ती पोहोचली आहे. व्यवहारात ती किती पोहोचते, हे बरेचसे तालुक्याच्या कचेरीवर आणि शाळा-महाविद्यालयांवर अवलंबून आहे.

शासनाच्या योजना

केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती ही या क्षेत्रातील सर्वांत जुनी योजना असून ती १९५४-५५ पासून चालू आहे. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अलीकडील नियमांनुसार तिच्यात दरवर्षी १२५ जागा असतात. त्यांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ विमुक्त व भटक्या जमातींसाठी, तर ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहेत. शेवटच्या या चार जागांची माहिती ग्रामीण भागात जवळजवळ कोणासच नसते. वयाची मर्यादा ३५ वर्षे, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत आणि पात्रता परीक्षेत किमान ६० टक्के गुण, या मुख्य अटी होत. विद्यापीठाचे शुल्क, विमान प्रवास आणि निर्वाह भत्ता असे तिचे स्वरूप आहे. निर्वाह भत्त्याचा दर इंग्लंडसाठी वार्षिक ९,९०० पौंड आणि अमेरिकेसह अन्य देशांसाठी १५,४०० डॉलर असा राहिला आहे. लंडन किंवा न्यूयॉर्कसारख्या शहरात ही रक्कम तोकडी पडते, हे आधीच ओळखून घरच्यांनी तरतूद करावी हे बरे. अनुसूचित जमातींसाठी आदिवासी कार्य मंत्रालयाची २० जागांची स्वतंत्र योजना आहे.

महाराष्ट्र शासनाने अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ मध्ये सुरू केली. तिच्या जागा ७५ असून पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयामार्फत अर्ज मागविले जातात. मराठा व कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची योजना २०२३ पासून आहे. तिच्यात पदव्युत्तर अभ्यासासाठी ५० व पीएच.डी.साठी २५ जागा ठेवल्या गेल्या. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती व भटक्या जमाती तसेच विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठी बहुजन कल्याण विभागाची, खुल्या प्रवर्गासाठी तंत्रशिक्षण विभागाची आणि अल्पसंख्याक समाजासाठी त्या विकास विभागाची योजना आहे. यांपैकी अनेक योजनांत जागा शाखानिहाय वाटलेल्या असतात व व्यवस्थापन ही त्यांतील एक शाखा असते. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याची स्पर्धा त्यामुळे सर्व अर्जदारांशी नसून आपल्या शाखेतील अर्जदारांशी असते.

या सर्व योजनांच्या अटी वर्षागणिक बदलतात. २०२४ मध्ये राज्याच्या योजनांतील काही अटी कडक करण्यात आल्या आणि विद्यार्थ्यांच्या तक्रारींनंतर त्यांपैकी काहींचा फेरविचार झाला. म्हणून मागील वर्षाच्या माहितीपत्रकावर विसंबणे धोक्याचे ठरते. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक कर्जावरील व्याजाचा भार उचलणारी केंद्राची 'पढो परदेश' योजना २०२२-२३ पासून बंद झाली. मुस्लिम वस्ती मोठी असलेल्या पाथरीसारख्या गावी तिचे नाव अजूनही निघते; चौकशीस येणाऱ्या पालकांना ती बंद झाल्याचे स्पष्टपणे सांगावे.

क्रमवारीतील एक खाच

शासकीय योजनांत विद्यापीठाची निवड जागतिक क्रमवारीवरून होते. क्यूएस या संस्थेच्या यादीत पहिल्या ५००, ३०० किंवा २०० क्रमांकांत विद्यापीठ असले पाहिजे, अशी त्या त्या योजनेची अट असते. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला येथे एक खाच लागते. ही सर्वसाधारण यादी अनेक विद्याशाखा असलेल्या विद्यापीठांची आहे. केवळ व्यवस्थापनच शिकविणाऱ्या संस्था, मग त्या लंडन बिझनेस स्कूल किंवा फ्रान्समधील इन्सियाड यांच्याइतक्या विख्यात का असेनात, त्या यादीत येत नाहीत. त्यांची गणना वेगळ्या यादीत होते. सर्वसाधारण यादीच प्रमाण मानणाऱ्या योजनेत अशा संस्थेचा प्रवेश उपयोगी पडेलच असे नाही. उलट, मोठ्या विद्यापीठाचा भाग असलेले व्यवस्थापन विद्यालय त्या विद्यापीठाच्या क्रमांकावर पात्र ठरते. नोकरदारांसाठीचे 'एक्झिक्युटिव्ह' अभ्यासक्रम आणि पदविका यांनाही राज्याच्या योजनांत सहसा स्थान नसते. याशिवाय प्रवेशपत्र विनाअट असावे लागते. 'अंतिम वर्षाचा निकाल लागल्यावर प्रवेश निश्चित होईल' अशा आशयाचे पत्र चालत नाही, आणि या एका शब्दापायी चांगले अर्ज बाद होतात.

शासनाबाहेरील मार्ग

अमेरिकेची फुलब्राइट-नेहरू पदव्युत्तर फेलोशिप प्रतिष्ठेची खरी, पण व्यवस्थापन तिच्या विषयांत नाही. सार्वजनिक प्रशासन, अर्थशास्त्र, नगर नियोजन असे विषय तिच्यात बसतात. १९७६ मध्ये स्थापन झालेले इनलॅक्स शिवदासानी प्रतिष्ठानही व्यवसायशिक्षणाला साहाय्य देत नाही. ब्रिटिश शासनाची १९८३ पासूनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मात्र व्यवस्थापनालाही मिळते, जरी एम.बी.ए.च्या शुल्काला तिच्यात कमाल मर्यादा आहे. तिच्यासाठी दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो व शिक्षणानंतर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावे लागते. बाजार समिती, पतसंस्था, बचत गटांचा संघ किंवा उत्पादक कंपनी येथे पूर्णवेळ केलेले काम हाही अनुभवच आहे. त्याची रीतसर प्रमाणपत्रे जपून ठेवावीत.

जर्मनीचा मार्ग वेगळा. तेथील बहुसंख्य सरकारी विद्यापीठांत शुल्क नाममात्र आहे. बाडेन-वुर्टेम्बर्ग प्रांतात मात्र युरोपबाहेरील विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून प्रत्येक सत्राला १,५०० युरो घेतले जातात. राहण्याच्या खर्चाची रक्कम आधी बँकेत अडकवून ठेवावी लागते. २०२४ पासून ती वर्षाला ११,९०४ युरो होती. डाड या जर्मन संस्थेच्या विकासविषयक अभ्यासक्रमांच्या शिष्यवृत्त्यांत लघुउद्योग विकासासारखे व्यवस्थापनाला लागून असलेले विषय आहेत. सहकार व ग्रामोद्योगाची पार्श्वभूमी असलेल्या अर्जदाराला ते अधिक जवळचे वाटतील.

कर्जरूप शिष्यवृत्त्यांना आपल्याकडे उगीचच कमी लेखले जाते. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये स्थापन केलेली जे. एन. टाटा एंडाउमेंट आणि के. सी. महिंद्र शैक्षणिक न्यास यांची मदत परतफेडीच्या बोलीवर असते. महिंद्र न्यासाचे कर्ज बिनव्याजी असते. ही रक्कम एकूण खर्चाचा एक भागच असली, तरी बँकेच्या कर्जाचा बोजा तेवढा हलका होतो. बँकेचे मोठे कर्ज काढावयाचे तर तारण मागितले जाते, आणि शेतजमीन तारण म्हणून बहुतेक बँका शैक्षणिक कर्जासाठी स्वीकारीत नाहीत. दहा एकर बागायती असलेल्या कुटुंबालाही हा अनुभव आश्चर्याचा वाटतो.

परदेशी विद्यापीठे स्वतःहूनही 'गुणवत्ता शिष्यवृत्ती' देऊ करतात. पुष्कळदा ती शुल्कातील सूट असते. तीस टक्के सूट दिल्यानंतर उरलेले सत्तर टक्के कोठून आणावयाचे, हा हिशेब कागदावर मांडल्याखेरीज होकार कळवू नये. शिष्यवृत्ती मिळवून देतो म्हणून फी घेणाऱ्या मध्यस्थांची गरज वरीलपैकी कोणत्याही योजनेत नाही.

कागदपत्रांचा मार्ग

प्रवेश मिळूनही शिष्यवृत्ती हुकते ती बहुधा कागदपत्रांमुळे. जातीचे प्रमाणपत्र उपविभागीय अधिकारी देतात, त्याची वैधता जिल्हा पडताळणी समिती तपासते. पुराव्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीच्या नोंदी महत्त्वाच्या ठरतात. मराठवाड्यात येथे एक खास अडचण येते. निजामी राजवटीतील शाळेची दाखलखारीज पुस्तके आणि महसुली दप्तर बहुतांशी उर्दूत आहे. आजोबांचा दाखला शाळेच्या कपाटात असतो, पण तो वाचणारा नसतो. असा उतारा मिळवून त्याचे अधिकृत भाषांतर करून घेण्यास महिने लागतात, आणि शिष्यवृत्तीची जाहिरात अर्जासाठी काही आठवडेच देते. बारावीनंतर पडताळणी झालेली नसेल, तर पदवीच्या दुसऱ्या वर्षीच हे काम हाती घेतले पाहिजे. ग्रामपंचायत सदस्य व मुख्याध्यापक यांनी जुन्या नोंदवह्या शोधण्यात साहाय्य केले, तर अर्धे काम होते.

दुसरी अडचण नावाची. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव प्रथम, आधारपत्रावर शेवटी, पारपत्रावर वडिलांचे नावच गळालेले, असे तीन प्रकार एकाच विद्यार्थ्याच्या कागदांत आढळतात. परदेशी विद्यापीठ व वकिलात यांना ही तीन माणसे वाटतात. पारपत्र काढतानाच ही दुरुस्ती करणे सोपे पडते.

शिफारसपत्र ही प्राध्यापकांची जबाबदारी. 'विद्यार्थी हुशार, होतकरू व सच्छील आहे' या ठराविक वाक्याला परदेशात किंमत नाही. त्याने कोणता प्रकल्प केला, कोणाचे हिशेब तपासले, वर्गात त्याचा क्रमांक काय होता, हे लिहावे लागते.

काळाचे गणित

सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमाची तयारी त्याआधी किमान दीड वर्ष करावी लागते. पहिल्या उन्हाळ्यात इंग्रजीची आयईएलटीएस व व्यवस्थापनाची जीमॅट परीक्षा द्यावी. पहिलीचे गुण दोन वर्षे, दुसरीचे पाच वर्षे ग्राह्य असतात. म्हणून जीमॅट आधी दिली तरी हरकत नाही. चेव्हनिंगचे अर्ज साधारणतः ऑगस्टमध्ये सुरू होऊन शरद ऋतूत संपतात. विद्यापीठांचे अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीत भरले, तर वसंतात उत्तर येते आणि उन्हाळ्यातील शासकीय जाहिरातीच्या वेळी विनाअट प्रवेशपत्र हाती असते. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला मात्र चालू वर्षाचा लागतो. तो एप्रिल सुरू होताच काढावा. जूनमध्ये शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशांची गर्दी त्याच खिडकीवर असते.