पंपवाली एअर रायफल घ्यावी का? फायदे, तोटे आणि नियम

घणसोली गावासारख्या दाट वस्तीत राहता आणि एअर रायफल घ्यायचा विचार आहे? मग आधी हे वाचा.

चालते कशी?
दांडा हाताने ओढून हवा दाबून साठवायची. ट्रिगर ओढला की ती हवा छर्रा ढकलते. काहींना एकच पंप पुरतो, काहींत जास्त पंप मारले की जोर वाढतो.

फायदे
- सिलेंडर लागत नाही.
- स्प्रिंगवाल्या रायफलीपेक्षा धक्का कमी, त्यामुळे नेम शिकायला बरी.

तोटे
- दर छर्ऱ्याला नव्याने पंप, हात भरून येतो.
- पंप कमी-जास्त झाले की छर्रा वर-खाली लागतो.
- सील झिजलं की हवा गळते.

परवाना?
शस्त्र नियम, २०१६ नुसार ०.१७७ इंचापर्यंत बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असेल तर लागत नाही. म्हणून पूर्ण पंप मारल्यावरची ऊर्जा दुकानदाराला विचारा.

खरा धोका
परवाना नको म्हणजे खेळणं नव्हे. छर्ऱ्याने डोळा जाऊ शकतो, भिंतीवर आपटून तो उलटाही येतो. गच्चीला गच्ची लागलेली असताना नेम कुठे धरणार? खाडीतले पक्षी मारणं तर वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये १० मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झाला. या खेळाची जागा रेंजवर आहे. आधी रेंज शोधा, मग रायफल.