मनाच्या जखमा : भाग ११ – बंदोबस्त संपल्यावर

आज औषधांवर लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण नामपूरहून आलेल्या पत्राला आधी उत्तर द्यायला हवं. पत्र मुलीचं आहे. वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीत कधी खचले नाहीत. आता मात्र रात्री ओरडत उठतात, आठवडे बाजाराला जात नाहीत, नातवाने फटाका लावला की अंगावर धावून जातात. तिने विचारलंय, ‘इतक्या वर्षांनी हे कुठून आलं? आणि या वयात माणूस बरा होतो का?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : होतो.

पत्रावरून निदान करता येत नाही, पण चित्र ओळखीचं आहे. आघातानंतरचा हा आजार कधी कधी कित्येक वर्षांनी पुरता वर येतो. पोलिसाच्या नोकरीत गणपती, निवडणूक, मोर्चा, एक बंदोबस्त उठतो तोवर दुसरा लागतो. मनाला सवड मिळतच नाही. ती निवृत्तीनंतर मिळते आणि दाबून ठेवलेलं वर येतं. चौकीत सतत सावध असणं हा गुण होता. घरी तीच सावधगिरी झोप खाते.

आघात म्हणजे गोळीबारच, असंही नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानसूचीत, कामाचा भाग म्हणून मृतदेहांचे अवशेष गोळा करणाऱ्यांचा आणि बालअत्याचाराचे तपशील वारंवार ऐकावे लागणाऱ्या पोलिसांचा उदाहरणादाखल उल्लेख आहे. आपल्याकडे विहिरीतून प्रेत काढणं, अपघातातल्या मयताचा पंचनामा करणं हे हवालदाराच्याच वाट्याला येतं. नामपूरची मोसम नदी खाली मालेगावला जाते. तिथल्या २००६ आणि २००८ च्या स्फोटांनंतर रस्त्यावर उतरलेले कितीतरी पोलीस आता निवृत्त झाले असतील. त्यांना कोणी कधी विचारलं का?

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवरच्या अतिरेकी हल्ल्यात पोलीस अधिकारी करकरे, कामटे, साळसकर ज्या गाडीत मारले गेले, त्याच गाडीत मागे पोलीस कर्मचारी अरुण जाधव होते. अतिरेक्यांनी गाडी पळवली तेव्हा ते जखमी अवस्थेत सहकाऱ्यांच्या मृतदेहांखाली पडून होते. अतिरेकी गाडी सोडून गेल्यावर त्यांनीच बिनतारी यंत्रावरून नियंत्रण कक्षाला कळवलं. पुढे न्यायालयात साक्ष दिली आणि ती रात्र अनेकदा जाहीरपणे सांगितली. ‘पोलिसाने बोलून दाखवायचं नसतं’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर आठवावं.

उपचारांचा गाभाही बोलण्यातच आहे. मानसशास्त्रज्ञ एड्ना फोआ यांनी घडवलेल्या पद्धतीत साधारण ८ ते १५ बैठका असतात. माणूस डोळे मिटून तो प्रसंग वर्तमानकाळात सांगतो, ते ध्वनिमुद्रित होतं आणि घरी रोज ऐकायचं असतं. सोबत टाळलेल्या जागी पायरीपायरीने जायचं : आधी बाजार उठल्यावरच्या मोकळ्या पटांगणात, मग सकाळी दुकानं लागताना, शेवटी भर गर्दीत. जीव घाबरला तरी भीती ओसरेपर्यंत थांबायचं. पंचनाम्यावर तारीख, वेळ, ठिकाण असतं. आघाताच्या आठवणीवर ते नसतं, म्हणून ती आत्ता घडतेय असं वाटतं. या उपचाराने तिच्यावर तारीख पडते. मात्र हे प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावं.

ताई, तोवर एवढं करा. रात्री ओरडले तर अंगाला हात लावून उठवू नका. दिवा लावा, लांबून हाक मारा. ‘विसरून जा’ म्हणू नका. झोपेसाठी दारू घेत असतील तर तज्ज्ञांना मोकळेपणाने सांगा. सुरुवात फोनवरूनही होते : १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. पहिला फोन तुम्ही लावलात तरी चालेल. दुसरा मात्र त्यांना लावू द्या.

औषधं पुढच्या आठवड्यात नक्की.