सेनापति ग्रँट आणि अध्यक्ष ग्रँट

सन १८७३ मध्यें जोतीराव फुले यांनीं पुण्यास ‘गुलामगिरी’ हें आपलें पुस्तक प्रसिद्ध केलें, तेव्हां तें त्यांनीं अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांतल्या सज्जन लोकांस अर्पण केलें होतें. कृष्णवर्णी गुलामांना दास्यांतून सोडविण्यासाठीं त्या लोकांनीं जो स्वार्थत्याग केला, त्याचा गौरव त्या अर्पणपत्रिकेंत आहे. हें पुस्तक बाहेर पडलें त्या वेळीं त्या देशाच्या अध्यक्षपदावर जो गृहस्थ होता, तोच आठ वर्षांपूर्वीं त्या युद्धांत विजयी पक्षाचा सरसेनापति होता. युलिसिस ग्रँट हें त्याचें नांव. गुलामगिरी कायद्यानें गेली होती खरी. पण सुटलेल्या चाळीस लाख माणसांचें पुढें काय, हा प्रश्न त्याच्या पदरीं आला होता. रणांगणावर सहसा माघार न घेणारा हा माणूस त्या प्रश्नापुढें कितपत टिकला, हें पाहिल्यावांचून त्याचें चरित्र पुरतेंपणीं कळावयाचें नाहीं.

ग्रँटचा जन्म २७ एप्रिल १८२२ रोजीं ओहायओ संस्थानांतील पॉइंट प्लेझंट येथें झाला. बाप कातडीं कमावण्याचा धंदा करी. मुलाला त्या धंद्याची शिसारी होती. त्याला वेड होतें तें घोड्यांचें. बापानेंच खटपट करून १८३९ सालीं त्याला वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयांत धाडलें. त्याचें मूळ नांव हायरम युलिसिस. परंतु शिफारस करणाऱ्या लोकप्रतिनिधीनें ‘युलिसिस एस. ग्रँट’ असें लिहिलें, आणि सरकारी दप्तरांत एकदां पडलेलें नांव निघतें कुठें? तेंच त्याला जन्मभर चिकटलें. १८४३ सालीं शेवटच्या परीक्षेंत ३९ विद्यार्थ्यांत त्याचा नंबर एकविसावा आला. घोड्यावर बसण्यांत मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

पुढें १८४६ ते १८४८ ह्या मेक्सिकोच्या युद्धांत तो झॅकरी टेलर ह्या सेनापतीच्या हाताखालीं लढला. हाच टेलर युद्ध संपतांच अध्यक्ष म्हणून निवडून आला. सैनिकाला अध्यक्ष करण्याची रीति त्या देशांत वॉशिंग्टनपासूनच चालत आलेली होती. ग्रँटला त्या वेळीं असली कांहीं आकांक्षा शिवलेली दिसत नाहीं. उलट तें युद्धच बलाढ्य राष्ट्रानें दुबळ्यावर केलेला अन्याय होय, असें मत त्यानें पुढें लिहून ठेवलें आहे.

युद्धानंतरचीं बारा वर्षें म्हणजे अपयशाची एक लांबच लांब मालिकाच होती. १८४८ सालीं ज्यूलिया डेंट हिच्याशीं त्याचा विवाह झाला. पण थोड्याच वर्षांत त्याची पलटण पॅसिफिक किनाऱ्यावर गेली. बायको-मुलें हजारों मैल दूर राहिलीं. एकांत, तुटपुंजा पगार आणि त्यांतच मद्याचा आश्रय. १८५४ सालीं त्यानें कॅप्टनच्या जागेचा राजीनामा दिला. नंतर सेंट लुई शहराजवळ त्यानें शेती केली, स्वतःच्या हातांनीं लाकडी घर बांधलें, गाडींत जळण भरून तें शहराच्या रस्त्यांवर विकलें. १८५७ च्या नाताळांत तर त्याला आपलें सोन्याचें घड्याळ बावीस डॉलरांस गहाण टाकावें लागलें.

ह्याच हलाखींतील एक गोष्ट विसरतां येत नाहीं. ग्रँटच्या सासऱ्याच्या शेतावर गुलाम होते, आणि खुद्द ग्रँटच्याहि नांवावर विल्यम जोन्स नांवाचा एक गुलाम आला होता. त्याला बाजारांत उभा केला असता तर मोठी रक्कम हातीं पडली असती. पण मार्च १८५९ मध्यें, घरांत पैशाची चणचण असतांनाहि, ग्रँटनें कोर्टांत जाऊन त्याला मुक्त केलें. त्या वेळीं तो कांहीं गुलामगिरीचा कडवा विरोधक नव्हता. तरीहि त्याच्या हातून हें घडलें. पुढच्याच वर्षीं, वयाच्या अडतिसाव्या वर्षीं, तो गलीना गांवीं बापाच्या चामड्याच्या दुकानांत, धाकट्या भावांच्या बरोबरीनें, कारकून म्हणून बसला.

एप्रिल १८६१ मध्यें दक्षिणेच्या फुटीर संस्थानांनीं सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या आणि यादवीला तोंड लागलें. शिकलेल्या अधिकाऱ्यांचा तुटवडा असल्यामुळें दुकानांतला हा कारकून जूनमध्यें इलिनॉयच्या एकविसाव्या पलटणीचा कर्नल झाला. पहिल्याच मोहिमेची आठवण त्यानें मोकळ्या मनानें सांगितली आहे. मिसूरींत हॅरिस नांवाच्या कर्नलाच्या छावणीवर तो चालून गेला. समोरची टेकडी चढतां चढतां काळीज घशाशीं आलें. मागें फिरावें असें वाटे, पण थांबा म्हणण्याचें नैतिक धैर्यहि होईना. वर पोंचून पाहतो तों छावणी ओस पडलेली! हॅरिसहि आपल्याइतकाच भ्यालेला होता, हें त्याला तेथें कळलें, आणि त्यानंतर शत्रूविषयीं तसली धास्ती त्याला कधीं वाटली नाहीं.

फेब्रुवारी १८६२ मध्यें त्यानें डोनेल्सन किल्ला वेढला. आंतला सेनापति बकनर हा त्याचा वेस्ट पॉइंटचा सोबती. १८५४ सालीं राजीनामा देऊन परततांना न्यूयॉर्कमध्यें ग्रँट निष्कांचन झाला असतां ह्याच बकनरनें त्याला मदतीचा हात दिला होता. बकनरनें तहाच्या अटी विचारल्या. विनाशर्त शरणागतीखेरीज दुसरी अट नाहीं, असें ग्रँटनें कळविलें. बारा हजारांहून अधिक सैनिक कैद झाले. त्याच्या नांवाच्या आद्याक्षरांचा लोक आतां ‘विनाशर्त शरणागति’ असा अर्थ लावूं लागले. लढाईच्या वेळीं त्याच्या तोंडांत चिरूट होता, असें वृत्तपत्रांत छापून आल्याबरोबर देशभरांतून हजारों चिरूट भेटीदाखल आले. ते संपवितां संपवितां सुटूं न शकणारी संवय जडली. ह्या भेटीची किंमत तेवीस वर्षांनीं चुकती व्हावयाची होती.

शायलोची घनघोर लढाई, मग मिसिसिपी नदीवरील व्हिक्सबर्गचा वेढा, असा त्याचा मार्ग आहे. ४ जुलै १८६३ रोजीं व्हिक्सबर्ग पडलें, सुमारें एकोणतीस हजार सैन्य शरण आलें, आणि दक्षिणेचे दोन तुकडे झाले. त्या मोहिमेच्या आरंभीं, डिसेंबर १८६२ मध्यें, आपल्या ताब्यांतील मुलखांतून सर्व ज्यू लोकांस हांकून देण्याचा एक हुकूम त्यानें काढला होता. कांहीं व्यापाऱ्यांच्या लबाडीसाठीं सबंध जमातीला शिक्षा करणारा हा हुकूम अन्यायाचाच होता. लिंकननें तो लागलीच रद्द करविला, आणि अध्यक्ष झाल्यावर ग्रँटनें अनेक ज्यू गृहस्थांस सरकारी पदांवर नेमून त्याची कांहींशी भरपाई केली.

मार्च १८६४ मध्यें तो सर्व सैन्याचा सरसेनापति झाला. व्हर्जिनियांत रॉबर्ट ली ह्या कसलेल्या प्रतिस्पर्ध्याशीं गांठ पडली. कोल्ड हार्बर येथें त्यानें केलेला हल्ला सपशेल फसला, हजारों माणसें व्यर्थ पडलीं, आणि त्याचा पश्चात्ताप त्यानें आपल्या आठवणींत कबूल केला आहे. लोक त्याला कसाई म्हणूं लागले. पण पूर्वींचे सेनापति मार बसला कीं मागें फिरत. हा पुढेंच सरके.

९ एप्रिल १८६५ रोजीं अ‍ॅपोमॅटॉक्स येथें एका खासगी घराच्या दिवाणखान्यांत ली शरण आला. ली भरजरी गणवेषांत, कमरेला तलवार लावून. ग्रँट साध्या शिपायाच्या कोटांत, बूट चिखलानें माखलेले. अटी ग्रँटनें स्वतःच्या हातानें लिहिल्या. शस्त्रें खालीं ठेवून सर्वांनीं घरीं जावें. कायदे पाळून राहिल्यास त्यांस कोणी त्रास देणार नाहीं. नांगरटीचे दिवस जवळ आले होते, म्हणून ज्यांचीं स्वतःचीं घोडीं-खेचरें होतीं त्यांना तीं नेऊं दिलीं. लीची सेना उपाशी होती. तिला पंचवीस हजार माणसांचा शिधा पाठविला. बाहेर उत्तरेचे गोलंदाज विजयाच्या तोफा उडवूं लागले, त्या ग्रँटनें बंद करविल्या. कारण कालचे शत्रू आतां पुन्हां आपलेच देशबांधव झाले होते. अटींची स्वच्छ प्रत ज्यानें लिहून काढली तो अधिकारी, एली पार्कर, अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकीं सेनेका जमातीचा होता. पुढें लीवर राजद्रोहाचा खटला भरण्याचें घाटूं लागलें, तेव्हां आपण दिलेला शब्द मोडत असेल तर राजीनामा देतों, असें ग्रँटनें अध्यक्ष जॉन्सनला स्पष्ट बजावलें. खटला राहिला.

अशा माणसाला लोकांनीं १८६८ सालीं अध्यक्ष निवडलें, यांत नवल नाहीं. देशांत शांतता नांदूं द्या, ही त्याची घोषणा होती. त्याचें वय अवघें सेहेचाळीस. दक्षिणेंत नव्यानें मतदान करूं लागलेल्या कृष्णवर्णी नागरिकांचीं लाखों मतें त्याला पडलीं होतीं.

येथें खरी अडचण सुरू झाली. ग्रँटनें दोन वचनें दिलेलीं होतीं. एक पराभूत गोऱ्यांना, कीं तुम्हांस सुखानें नांदूं देऊं. दुसरें मुक्त झालेल्यांना, कीं तुमचें रक्षण करूं. युद्धांत शरणागतीच्या कागदावर सही झाली कीं लढाई संपते. राज्यकारभारांत तसा कागद नाहीं. अ‍ॅपोमॅटॉक्सहून घोड्यावर बसून घरीं गेलेल्यांपैकीं कित्येक आतां रात्रीं तोंडावर बुरखे घालून त्याच घोड्यांवरून बाहेर पडत, आणि मत देणाऱ्या, शाळा काढणाऱ्या कृष्णवर्णीयांस झोडपून काढीत, ठार मारीत. कु क्लक्स क्लॅन हें त्या गुप्त टोळीचें नांव.

आरंभीं तरी ग्रँट डगमगला नाहीं. वर्णावरून मताधिकार नाकारतां येणार नाहीं, अशी घटनेची पंधरावी दुरुस्ती १८७० सालीं संमत झाली. तिला त्याचा मनापासून पाठिंबा होता. त्याच वर्षीं न्यायखातें स्थापन झालें. एप्रिल १८७१ मध्यें क्लॅनविरुद्ध खास कायदा झाला, आणि ऑक्टोबरमध्यें ग्रँटनें दक्षिण कॅरोलायनाच्या नऊ परगण्यांत हेबियस कॉर्पसचा हक्क स्थगित करून फौज धाडली. शेंकडों लोक पकडले गेले, क्लॅनचा कणा मोडला. १८७२ ची निवडणूक दक्षिणेंत बरीच शांततेनें पार पडली आणि ग्रँट पुन्हां निवडून आला. अलाबामा गलबतानें केलेल्या नुकसानीवरून इंग्लंडशीं चाललेला तंटाहि त्याच सालीं जिनीव्हा येथें लवादानें मिटला. इंग्लंडनें दीड कोटीवर डॉलर भरले आणि एकहि गोळी सुटली नाहीं. सेनापतीनें लढाईवांचून मिळविलेला हा विजय फारसा कोणाच्या स्मरणांत नाहीं, हें चमत्कारिकच.

मग ओहोटी लागली. १८७३ सालीं पेढ्या बुडाल्या, कारखाने बंद पडले. उत्तरेच्या लोकांना आपल्या पोटाची चिंता पडली आणि दक्षिणेंतल्या कृष्णवर्णीयांची कहाणी ऐकण्याचा कंटाळा आला. त्याच वर्षीं ईस्टरच्या दिवशीं लुइझियानांत कोलफॅक्स येथें कृष्णवर्णीयांची भयंकर कत्तल झाली. त्या प्रकरणीं शिक्षा झालेले आरोपी १८७६ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें सुटले. १८७५ सालीं मिसिसिपीच्या गव्हर्नरनें निवडणुकीच्या बंदोबस्तासाठीं फौज मागितली. ह्या वेळीं ती गेली नाहीं, आणि मतपेटीचा निकाल बंदुकीनें लागला. व्हिक्सबर्गपुढें महिनोन्महिने चिवटपणें बसलेल्या माणसानें येथें मात्र वेढा उठविला, असें म्हणणें भाग आहे. त्याच्यामागें सैन्य होतें तेव्हां देशहि होता. आतां देश राहिला नव्हता, हें त्याचें समर्थन फार तर अर्धेंच पुरतें.

दुसरा दोष त्याच्या स्वभावांतला होता. रणांगणावर शर्मन, शेरीडन यांच्यावर विश्वास टाकून तो स्वस्थ राही, आणि ते विश्वासास उतरत. राजधानींतहि त्यानें तोच शिरस्ता ठेवला. पण तेथें भोंवतीं जमलेले लोक निराळे होते. मद्यावरील कर बुडविणारी टोळी १८७५ सालीं उघडकीस आली. तींत त्याचा खासगी चिटणीस बॅबकॉक याचें नांव निघालें, तरी अध्यक्षानें त्याच्या बाजूनें साक्ष दिली. युद्धमंत्री बेल्कनॅप याला लांचलुचपतीच्या आरोपावरून १८७६ मध्यें जावें लागलें. ग्रँटनें स्वतः पैसा खाल्ल्याचें कोणी सिद्ध करूं शकलें नाहीं. मूळ रहिवाशांच्या खात्यावर त्यानें एली पार्करला नेमलें, त्यांच्याशीं शांततेचें धोरण जाहीर केलें. पण ब्लॅक हिल्समध्यें सोनें सांपडतांच तें धोरण बाजूस पडून १८७६ सालीं लाकोटा लोकांशीं युद्ध जुंपलें. ह्या सगळ्यामुळें बरींच वर्षें इतिहासकार त्याला नालायक अध्यक्षांच्या रांगेंत बसवीत आले. अलीकडच्या कांहीं दशकांत, क्लॅनविरुद्धच्या त्याच्या कामाकडे लक्ष गेल्यानंतर, ही जागा बरीच वर सरकली आहे.

१८७७ सालीं पद सोडून तो सपत्नीक पृथ्वीपर्यटनास निघाला. फेब्रुवारी १८७९ मध्यें तो मुंबईस उतरला, मलबार पॉइंटच्या सरकारी बंगल्यांत राहिला, आणि तेथून आग्रा, दिल्ली, काशी करीत कलकत्त्यास गेला. घरीं परतल्यावर १८८० सालीं मित्रांनीं तिसऱ्यांदा उमेदवारीचा घाट घातला, तो साधला नाहीं.

विश्वासाचा शेवटचा फटका अजून बसावयाचा होता. फर्डिनंड वॉर्ड नांवाच्या तरुणाशीं भागीदारींत त्यानें आपली पुंजी गुंतविली होती. मे १८८४ मध्यें वॉर्डची लबाडी फुटली, पेढी बुडाली, आणि ग्रँट साठी उलटल्यावर पुन्हां कफल्लक झाला. माजी अध्यक्षास त्या काळीं निवृत्तिवेतन नसे. पेढी वांचविण्यासाठीं व्हँडरबिल्टकडून दीड लाख डॉलर उसने घेतले होते. त्यापोटीं आपल्या तलवारी आणि मानाच्या भेटवस्तु त्यानें त्याच्या स्वाधीन केल्या. त्याच हिवाळ्यांत घशाचा कर्करोग झाल्याचें निदान झालें. तें चिरुटांचें बिल होतें.

बायकोमुलांसाठीं कांहीं मागें राहावें म्हणून त्यानें आत्मचरित्र लिहावयास घेतलें. मार्क ट्वेननें आपल्या प्रकाशनसंस्थेमार्फत तें काढण्याचें ठरविलें. घास गिळवत नाहीं, शब्द उमटत नाहीं, अशा स्थितींत शालींत गुरफटून तो रोज लिही. जुलै १८८५ मध्यें जुना बकनर त्याला भेटावयास आला. ग्रँटला बोलतां येत नव्हतें, म्हणून त्यानें आपलें बोलणें कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून दाखविलें. पुस्तक संपल्यावर थोड्याच दिवसांत, २३ जुलै रोजीं, तो वारला. त्या पुस्तकापासून ज्यूलियाला सुमारें साडेचार लाख डॉलर मिळाले.

न्यूयॉर्कमध्यें ८ ऑगस्टला त्याची अंत्ययात्रा निघाली. शवपेटीच्या मानकऱ्यांत शर्मन आणि शेरीडन होते, आणि त्यांच्याबरोबरीनें दक्षिणेचे दोन सेनापतिहि होते. एक जोसेफ जॉन्स्टन, दुसरा बकनर.