दुखत नाही, म्हणजे आजार नाही?

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस आज किडनीवर बोलायला उभा आहे, याचं तुम्हाला नवल वाटत असेल. मी डॉक्टर आहे, पण पीएचडीवाला. गोळी लिहून देणार नाही. एक चूक तेवढी सांगणार आहे. ती तर्काची चूक आहे आणि मला ती महागात पडली.

साठीनंतर माझे गुडघे दुखू लागले. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणायची, जेवणानंतर घ्यायची, फिरायला निघायचं. असं आठ-नऊ वर्षं चाललं. बीपीची गोळी मात्र आठवली तर घ्यायची. घरचे म्हणायचे, एकदा तपासून घ्या. माझं उत्तर ठरलेलं : "मले काय झालं? दोन वेळ जेवतो, जिना चढतो!"

एकाहत्तराव्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं. क्रिएटिनिन १.९. त्यावरून आणि वयावरून ईजीएफआर काढतात, म्हणजे मूत्रपिंडं किती गाळतात त्याचा अंदाज. तो निघाला ३७. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेवढाच. हा आकडा तीन महिने ६० च्या खाली राहिला, की त्याला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात.

आता तर्काकडे येऊ. आपल्या परंपरेत भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही हे कळतं. पण त्याला एक अट आहे. घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. खोलीत उजेड हवा. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. हे मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं. आणि स्वतःच्या शरीराबाबत अंधारात उभा राहून "घडा नाही, घडा नाही" म्हणत राहिलो.

मूत्रपिंड ही अशी अंधारी खोली आहे. एकेका मूत्रपिंडात सुमारे १० लाख गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा रक्ताला परत देतात. काही गाळण्या मेल्या, की उरलेल्या त्यांचं काम उचलतात. तक्रार नाही, दुखणं नाही. मुतखडा दुखतो, म्हणून तो लवकर सापडतो. हा आजार दुखत नाही. पायावर सूज, मळमळ, धाप हे सुरू होईपर्यंत बहुतेक वेळा फार थोडं उरलेलं असतं.

आपल्या वऱ्हाडात हे जास्त ध्यानात ठेवलं पाहिजे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा मिळून शेकडो गावं खारपाणपट्ट्यात येतात. दर्यापूरकडच्या माणसाला विहिरीच्या पाण्याची चव सांगायला नको. तिथे किडनीचे रोगी घरोघरी ओळखीचे आहेत. खारं पाणी हेच एकमेव कारण, असं मी म्हणणार नाही. शेजारी असणं म्हणजे कारण असणं नव्हे. मधुमेह आणि रक्तदाब ही तर सगळीकडचीच मोठी कारणं. पण पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत, असं भारतीय मानक सांगतं. आणि एक लक्षात घ्या : पाणी उकळल्यानं जंतू मरतात, क्षार जात नाहीत. पिण्यापुरतं तरी नळाचं किंवा आरओचं पाणी घ्या.

बाकीच्या सवयी साध्या आहेत. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा; त्यात लोणचं, पापड, ठेचा सगळं आलं. मे महिन्यात वावरात जाताना पाणी सोबत न्या आणि तहान लागायची वाट पाहू नका. मात्र ज्यांना किडनीचा किंवा हृदयाचा आजार आहे, त्यांनी किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांनाच विचारावं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्या मनानं रोज घेऊ नका. कोणाच्या सांगण्यावरून भस्मं-काढेही नकोत. तंबाखू सोडा.

राहिला उजेडाचा प्रश्न. तो दोन तपासण्यांनी पडतो. एक, रक्तातलं क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर. दुसरी, लघवीतून अल्ब्युमिन जातं का ते. नुसत्या क्रिएटिनिनवर विसंबू नका. बरंच नुकसान होईपर्यंत ते नॉर्मल दिसू शकतं. मधुमेह किंवा बीपी आहे, घरात कोणाला किडनीचा आजार आहे, वर्षानुवर्षं गोळ्या घेतल्या आहेत, अशांनी दरवर्षी दोन्ही कराव्यात. उशीर झाला तर डायलिसिस, म्हणजे बहुधा आठवड्यातून तीनदा चार-चार तास. खेड्यातल्या माणसाची त्यात मजुरी जाते, सोबत येणाऱ्याचीही जाते.

आज मी पंचाहत्तर वर्षांचा आहे. गोळ्या बंद केल्या, मीठ कमी केलं, बीपीची गोळी न चुकता घेतो. परवाचा आकडा ३५. गेलेलं परत आलं नाही, पण घसरण जवळजवळ थांबली. दहा वर्षं आधी दिवा लावला असता, तर वाचवायला अजून बरंच हाती असतं. तुमच्या हाती ते अजून असेल. या आठवड्यात जाऊन बघा.

आता प्रश्न विचारा. औषधांचे सोडून.