पहिला पोस्टडॉक: जाहिरात येण्याआधीचं काम

थिसिसचे शेवटचे दोन चॅप्टर उरले की लॅबमधल्या गप्पांचा सूर बदलतो. "सिग्नल आला का?" हे विचारणारेच "मग पुढे काय?" असं विचारू लागतात. ज्युनिअर्सकडून मला सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न म्हणजे, "ताई, पोस्टडॉकच्या जाहिराती कुठे बघायच्या?" उत्तर थोडं निराश करणारं आहे. जाहिराती बघाच, पण त्यांच्या भरवशावर बसू नका. फिजिकल केमिस्ट्रीत बऱ्याचदा जाहिरात निघते तेव्हा त्या प्राध्यापकाकडे आधीच दोन-तीन जणांची पत्रं येऊन पडलेली असतात आणि त्यातल्या एखाद्याशी बोलणंही झालेलं असतं. हा लेख त्या आधीच्या टप्प्याबद्दल आहे.

आधी पैशाचं गणित समजून घेऊ, कारण बाकी सगळं त्यावर बेतलेलं असतं. पोस्टडॉकचा पगार दोन वाटांनी येतो. एक तर प्राध्यापकाच्या प्रोजेक्टमधून, म्हणजे प्रश्न त्यांचा, मुदतही त्यांच्या ग्रँटची. दुसरी वाट म्हणजे तुम्ही स्वतःच्या नावावर मिळवलेली फेलोशिप. जर्मनीची हुम्बोल्ट, युरोपियन युनियनची मेरी स्क्लोडोव्स्का-क्युरी, जपानची जेएसपीएस, आपल्याकडची नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप, ही त्यातली ठळक नावं. पण गंमत अशी की दुसऱ्या वाटेलाही आधी होस्ट लागतोच. हुम्बोल्टच्या अर्जाला होस्टचं पत्र जोडावं लागतं आणि जेएसपीएसचा अर्ज तर जपानमधले प्राध्यापकच आपल्या संस्थेमार्फत भरतात. म्हणजे कुठूनही निघालात तरी पहिलं काम तेच: एका माणसाला पत्र लिहिणं.

आता कॅलेंडर. इथे खरोखर वर्ष वाया जाऊ शकतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मेरी क्युरीच्या अर्जाची शेवटची तारीख साधारणपणे सप्टेंबरमध्ये असते आणि त्या तारखेला तुमचा थिसिस डिफेन्ड झालेला असावा लागतो. निकाल पुढच्या फेब्रुवारीच्या आसपास लागतो. यूजीसीच्या २०२२च्या नियमावलीनुसार थिसिस सबमिट झाल्यापासून व्हायवाच्या निकालापर्यंतची प्रक्रिया सहा महिन्यांत पूर्ण व्हायला हवी. प्रत्यक्षात परीक्षकाचा रिपोर्ट अडकला की काय होतं ते तुमच्या डिपार्टमेंटमधल्या कुठल्याही सीनिअरला विचारा. म्हणजे फेब्रुवारीत सबमिट केलं तर सप्टेंबर गाठण्याची चांगली शक्यता आहे. एप्रिल-मेमध्ये केलं तर ती टांगणीला लागते, आणि व्हायवा ऑक्टोबरमध्ये झाला तर गाडी सरळ पुढच्या वर्षी. दोन महिन्यांच्या उशिराची किंमत बारा महिने! गाइडने "अजून एक कंट्रोल एक्सपेरिमेंट करून टाक" म्हटलं की हे गणित त्यांच्यासमोर कागदावर मांडा. भांडण म्हणून नव्हे, माहिती म्हणून. अनेक गाइडना या तारखा खरंच ठाऊक नसतात.

हुम्बोल्ट या बाबतीत सोयीची आहे. अर्ज डॉक्टरेटनंतर चार वर्षांपर्यंत चालतो आणि पोस्टडॉकसाठी मुदत ६ ते २४ महिने असते. नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप, जी पूर्वी सर्ब द्यायचं आणि आता एएनआरएफ देतं, दोन वर्षांची आहे. थिसिस सबमिट केलेल्यांनाही तिथे अर्ज करता येतो. वयाची अट ३५ची, काही प्रवर्गांना आणि महिलांना सवलत. परदेशी जायचंच नाही किंवा घरच्या परिस्थितीमुळे जाता येत नाही, अशांनी याकडे कमीपणाने बघायचं काही कारण नाही. टीआयएफआरमध्ये पोस्टडॉकला 'व्हिजिटिंग फेलो' म्हणतात, एवढं लक्षात ठेवा, नाहीतर त्यांच्या वेबसाइटवर 'पोस्टडॉक' शोधत बसाल.

आता कुणाला लिहायचं? माझं मत असं की आपला प्रश्न आणि आपलं तंत्र या दोहोंपैकी एक धरून ठेवावं आणि एक बदलावं. दोन्ही तेच ठेवलं तर पुढे फॅकल्टीच्या मुलाखतीत कुणीतरी विचारणारच, "यात तुमचं काय आणि तुमच्या गाइडचं काय?" दोन्ही बदललं तर पहिलं वर्ष नुसतं शिकण्यात जातं. आणि दोन वर्षांच्या नोकरीत एक वर्ष म्हणजे अर्धी नोकरी.

एक उदाहरण घेते. समजा तुम्ही रिव्हर्स मायसेलमधल्या पाण्यात एखाद्या डायचं प्रोटॉन ट्रान्सफर टीसीएसपीसीने मोजलंय. प्रश्न ठेवून तंत्र बदलायचं तर अल्ट्राफास्ट इन्फ्रारेडवाल्या ग्रुपकडे जा. तंत्र ठेवून प्रश्न बदलायचा तर फ्लुरोसन्स वापरून प्रोटीन फोल्डिंग किंवा सोलर सेलचं मटेरियल बघणाऱ्यांकडे. असं बघितलं की 'जगात कुठेही' ही भलीमोठी यादी पंधरा-वीस नावांवर येते. नावं कुठून काढायची? तुमच्या थिसिसच्या पहिल्या चॅप्टरमधून! ज्यांचे पेपर तुम्ही पाच वर्षं वाचले, तेच लोक. शिवाय ट्रॉम्बे सिम्पोझियम किंवा थिऑरेटिकल केमिस्ट्री सिम्पोझियमसारख्या ठिकाणी बाहेरचे वक्ते येतात. आपल्या पोस्टरसमोर थांबून ज्याने दोन प्रश्न विचारले, त्याला पुढे लिहिलेलं पत्र अनोळखी राहत नाही.

पत्राबद्दल. "रिस्पेक्टेड सर, आय ॲम अ हायली मोटिव्हेटेड रिसर्चर" अशी सुरुवात असलेली मेल कुणीही वाचत नाही, कारण तीच मेल आणखी चाळीस जणांना गेलीये हे पहिल्या ओळीतच कळतं. लांब सीव्हीनेही काही साधत नाही. वाचणाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात: तुम्ही काय केलंत, ते कुठे अडलं आणि ती अडचण त्यांच्याकडे का सुटेल. वरच्याच उदाहरणात पत्राचा गाभा असा होईल (लिहाल इंग्रजीत, मी मराठीत सांगते): "मायसेल लहान होत जातं तसं प्रोटॉन ट्रान्सफर मंदावतं, हे मी दाखवलं. पण आमच्या सेटअपला काही दहा पिकोसेकंदांच्या आतलं दिसत नाही, त्यामुळे मंद नेमकं काय झालं, पाण्याचं वळणं की प्रोटॉनचं सुटणं, हे सांगता येत नाही. तुमच्या टू-डी आयआर मापनात ओडी स्ट्रेचवरून पाण्याची हालचाल थेट वाचता येते. याच सिस्टिमवर ते करून बघायला मला आवडेल. थिसिस फेब्रुवारीत सबमिट होतोय." बास. खाली दोन पेपरचे दुवे, सोबत दोन पानी सीव्ही. यात स्वतःची स्तुती करणारा एकही शब्द नाही, तरी माणूस काय कामाचा आहे ते कळतं.

उत्तर आलं आणि झूमवर बोलणं ठरलं की आपण परीक्षा द्यायला बसल्यासारखे बसतो. विचारायचं असतं ते राहून जातं. आपल्या विषयात एक प्रश्न तर विचारलाच पाहिजे: ज्या उपकरणावर मी काम करणार ते आज चालू आहे का? लेझर टेबल किंवा व्हॅक्यूम चेंबर 'लवकरच' उभं राहणार असेल तर ते लवकर म्हणजे कधी, कोण उभारतंय, वर्कशॉप कसं आहे? उपकरण उभारणं वाईट असतं असं मुळीच नाही. युआन ली १९६७ साली हार्वर्डला हर्शबाख यांच्याकडे पोस्टडॉक म्हणून गेले, क्रॉस्ड मॉलिक्युलर बीमचं नवं यंत्र उभारलं आणि १९६८ मध्ये शिकागोला प्राध्यापक म्हणून रुजूही झाले. १९८६च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये दोघांचीही नावं होती, तिसरे पोलान्यी. पण मागे उत्तम वर्कशॉप असणं आणि लेझरची ऑर्डर कस्टम्समध्ये अडकलेली असणं, यात फरक आहे. माझ्या ओळखीतला एकजण परदेशातल्या एका लॅबमध्ये चौदा महिने अलाइनमेंटच करत होता. डेटा निघायला लागला तोवर ग्रँट संपली. थिअरीवाल्यांनी हाच प्रश्न क्लस्टरवर मिळणाऱ्या वेळेबद्दल विचारावा.

दुसरा प्रश्न: पैसे कुठपर्यंतचे आहेत आणि कोणत्या स्वरूपाचे? जर्मनीत टॅरिफचा करार असेल तर आरोग्य विमा, पेन्शन त्यात येतं. स्टायपेंड असेल तर विम्याचं बरंचसं आपल्यालाच बघावं लागतं, म्हणून नुसता आकडा बघून तुलना करू नका. अमेरिकेत जे-१ व्हिसावर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट काहींना लागते. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या कौशल्य-यादीतून भारताचं नाव निघाल्यामुळे त्या कारणाने ती आता लागत नाही, पण सरकारी पैशावर गेलेल्यांना अजूनही लागू शकते.

तिसरा प्रश्न त्यांना नको, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारा. ग्रुपच्या पानावर माजी सदस्यांची यादी असते. तिथे 'आता कुठे आहेत' हा रकानाच नसेल तर तीही एक माहितीच. दोघांना लिहा, एकजण तरी मोकळेपणाने बोलतो.

शिफारसपत्रं बहुतेक ठिकाणी तीन लागतात. गाइडचं एक धरा, बाकीची दोन शेवटच्या आठवड्यात उगवत नाहीत. ॲडव्हायजरी कमिटीतल्या ज्या सरांनी किंवा मॅडमनी दर सहा महिन्यांनी तुमचं काम ऐकलंय, किंवा ज्यांच्यासोबत एखादा पेपर झालाय, त्यांना वर्षभर आधी कल्पना द्या.

आणि मधल्या महिन्यांचं काय? सीएसआयआर किंवा यूजीसीची फेलोशिप जेआरएफला ३७,०००, एसआरएफला ४२,०००, पण दोन्ही मिळून पाच वर्षंच. ती संपते आणि पोस्टडॉकचा पहिला पगार येतो, यामध्ये सहा-आठ महिने सहज जातात. त्यात व्हिसा, विमान, परदेशातल्या घराचं डिपॉझिट. पाचव्या वर्षापासून दरमहा थोडे बाजूला टाका, आणि गाइडच्या प्रोजेक्टमध्ये काही महिने ठेवता येईल का, हे फेलोशिप संपायच्या आधीच विचारून ठेवा. घरच्यांनाही हे महिने येणार आहेत हे आत्ताच सांगा. "एवढं शिकून बसलाय का?" या प्रश्नाला उत्तर नंतर देणं फार जड जातं.

पत्रं एका दिवशी वीस पाठवू नका. आठवड्याला दोन, नीट वाचून लिहिलेली. एक्सेलमध्ये नाव, तारीख, उत्तर असे तीन रकाने ठेवा. दोन-तीन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदाच, दोन ओळींची आठवण. तरीही नाही, तर पुढचं नाव.